दशावताराला परळमध्ये कायमची जागा मिळाली, त्यावर तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

परळमध्ये आमच्या दशावतार मंडळाला (दशावतार म्हणजे कोकणातलं, देवादिकांच्या कथांवरचं लोकनाट्य) हक्काची उघडी जागा मिळाल्यापासून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतायत, गावावरून, डोंबिवली-विरारवरून, दुसऱ्या मंडळांकडून, आणि पटांगणाला लागून ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांच्याकडूनही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून काढलं. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, कायद्याबियद्याचे किचकट पुढे आहेत, आणि एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये "अमुक प्रश्न बघा" असं म्हटलंय.

१. नक्की काय मिळालंय? नाट्यगृह बांधलंत का?

नाही, नाट्यगृह नाही. परळ भागात एका जुन्या व्यायामशाळेचं पटांगण आहे, मातीचं, तिथे पोरं कबड्डी खेळतात. त्याच्या एका टोकाला आता कायमचा चौथरा आहे, मागे रंगायला एक खोली, कपडेपट आणि पेटारा (नाटकाच्या सामानाची मोठी पेटी) ठेवायला कुलूप लागणारी दुसरी खोली, आणि आमच्या नावाचं लाईटचं मीटर. पाऊस संपल्यापासून मे अखेरपर्यंत शनिवार-रविवारची संध्याकाळ करारात आमची लिहिलेली आहे. वर छप्पर नाही, आणि ते मुद्दाम नाही (प्रश्न ९ बघा).

लोकांना हे थोडंसं वाटतं, "एवढंच?" असं विचारतात. ज्यांनी प्रयोग संपल्यावर रात्री टेम्पो शोधत पेटारा घेऊन रस्त्यावर उभं राहायचं काम केलंय त्यांना विचारा, सामान जिथल्या तिथे ठेवून कुलूप लावून घरी जाता येणं काय असतं ते.

२. इतकी वर्षं कुठे करत होतात मग? जागा का नव्हती?

जिथे मिळेल तिथे. चाळीच्या पटांगणात, गल्लीच्या तोंडाशी मांडव घालून, शाळेच्या मैदानात, कोणाच्या सत्यनारायणाला, ग्रामस्थ मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला. यात कमीपणा काहीच नव्हता, दशावतार असाच देवळाच्या आवारात, जत्रेत वाढलाय. पण गावात देऊळ जागचं हलत नाही आणि जत्रेची तिथी ठरलेली असते. मुंबईत मैदानच हलतं.

गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या गिरण्यांच्या वस्तीत, पूर्वी ही अडचण एवढी नव्हती. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली माणसं गिरणीत लागली, एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत दाटीवाटीने राहिली, खानावळीत जेवली, आणि सुट्टीच्या रात्री चाळीच्या चौकात आपलं नाटक आपणच उभं केलं. भजन, नमन, दशावतार, शाहिरी, सगळं उघड्यावर. कामगार चळवळीतल्या लालबावटा कलापथकाचे अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर ह्यांचे कार्यक्रमही मैदानातच गाजले. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाताच आलं नाही. माणसं डोंबिवली, नालासोपारा, काही थेट गावाला गेली. गिरण्यांच्या जमिनीचं म्हणाल तर १९९१ च्या नियमात एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी सोडायचा होता, २००१ मध्ये त्या नियमाचा अर्थ बदलून तो हिस्सा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरताच राहिला, त्यामुळे इथल्या लोकांच्या वाट्याला मैदानं यायची ती आलीच नाहीत. आणि चाळींचा पुनर्विकास झाला की जिथे पटांगण होतं तिथे पोडियम येतो आणि पोडियमवर गाड्या.

उघड्या थिएटरचं सांगायचं तर धोबी तलावला रंगभवन होतं, सरकारी, तेही शांतता क्षेत्राच्या नियमात येऊन बंद झालं. म्हणजे आम्हालाच जागा नव्हती असं नाही, उघड्यावरच्या नाटकालाच ह्या शहरात जागा कमी होत गेली.

३. मुंबईत इतकी नाट्यगृहं आहेत, हॉल का नाही घेतला?

हॉलमध्येही केले आहेत प्रयोग, पुढेही करू, हॉलवर राग नाही. परळचं दामोदर तर १९२२ पासूनचं, कामगार रंगभूमीचं घरच होतं ते, २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा आमच्यातल्या जुन्या माणसांना घरातलं कोणी गेल्यासारखं झालं.

पण दशावतार हॉलमध्ये अर्धा होतो असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे नेपथ्य म्हणजे मागे एक पडदा आणि एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. बाकी सगळं नट आणि समोरचा माणूस मिळून उभं करतात. संकासुर, म्हणजे आपला विनोदी राक्षस, लोकांच्या मधून येतो, पुढे बसलेल्या म्हाताऱ्याची विचारपूस करतो, पोरांना घाबरवतो, गावातली ताजी भानगड तिथल्या तिथे संवादात घेतो. हॉलमध्ये पुढची रांग अंधारात असते, त्याला समोर कोण बसलंय तेच दिसत नाही. युद्धाच्या वेळी पखवाज चढला की पायाखाली माती लागते, लाकडी फळ्यांवर ती गिरकी तशी येत नाही, हे मी नाही म्हणत, राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका, करणारे सगळे म्हणतात. शिवाय हॉल मिळतो तो ठराविक तासांसाठी, पुढच्या नाटकाचा सेट दाराशी येऊन थांबलेला असतो, आणि आपल्याकडे संहिता लिहिलेली नसते, त्या दिवशी प्रसंग रंगला तर तो लांबतो. घड्याळ इथेही आहेच (प्रश्न ७), पण निदान सुरुवात कधी करायची ते आपल्या हातात आहे.

४. जागा कोणाची? विकत घेतली की भाड्याने?

जागा व्यायामशाळेच्या ट्रस्टची आहे आणि त्यांचीच राहणार. आमचा त्यांच्याशी रजिस्टर केलेला भाडेपट्टा आहे. मुंबईत जमीन विकत घेणं हा विषय आमच्यासारख्या मंडळाचा नाहीच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण दुसरी मंडळं इथेच अडकतात. पब्लिक ट्रस्टची बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. ही परवानगी नसेल तर करार कितीही सुंदर टाईप केलेला असो, तो टिकत नाही. ट्रस्टी ओळखीचे आहेत, गाववाले आहेत, "आपलंच आहे, करा तुम्ही" असं म्हणतात, खरंच मनापासून म्हणतात, पण उद्या ट्रस्टी बदलले की त्या शब्दाला कागदाचा आधार लागतो. म्हणून आम्ही आधी ३ वर्षांच्या आतला करार केला, तेवढ्यात एकमेकांची सवय झाली, पटांगण नीट ठेवतो हे त्यांना दिसलं, आणि मग परवानगी घेऊन लांब मुदतीचा. घाई करून पहिल्याच दिवशी लांबचा करार मागितला असता तर ते बिचकले असते.

५. कबड्डीच्या पोरांना हाकलून दशावतार आणलात असं ऐकलं, खरं काय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि विचारायलाच पाहिजे.

नाही, कोणाला हाकललेलं नाही. कबड्डीचं क्रीडांगण पुरुषांसाठी १३ बाय १० मीटरचं असतं, ते जिथे होतं तिथेच आहे, चौथरा त्याच्या रेषेच्या बाहेर आहे. प्रयोगाच्या दिवशी लोक त्याच मातीत सतरंजीवर बसतात. सकाळचा सराव रोजच चालतो, शनिवार-रविवार संध्याकाळी आमचा प्रयोग असेल तेव्हा पोरांचा सराव लवकर उरकतो, आणि त्यांच्या स्पर्धेचा हंगाम असतो तेव्हा आम्ही तारीख सोडतो. हे करारात लिहिलेलं आहे, फक्त समजुतीवर नाही. माती भिजवणं, चाळणं, सपाट करणं याचा अर्धा खर्च आमचा. खिळे, सुया, सेफ्टी पिना मातीत राहू नयेत म्हणून प्रयोगानंतर रात्रीच टॉर्च लावून पटांगण तपासलं जातं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पोरं उघड्या अंगाने पडतात.

आणि एक सांगते, त्यातलीच काही पोरं आता राक्षसपार्टीला उभी राहतात. अंगात ताकद आहे, पायात चपळाई आहे, आम्हाला अजून काय पाहिजे.

६. मला मालवणी येत नाही, कळेल का?

कळेल. आख्यानातले, म्हणजे त्या दिवसाच्या पुराणकथेतले, देव, राजे, ऋषी साध्या पण भारदस्त मराठीत बोलतात. मालवणी येते ती संकासुराच्या आणि विनोदी पात्रांच्या तोंडी, आणि ती समोर हातवारे बघत ऐकली की समजते. आधी आडदशावतार होतो, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू, मग त्या दिवसाचं आख्यान. पहिल्यांदा येत असाल तर आडदशावतार चुकवू नका, बरेच मुंबईकर "मुख्य नाटक" सुरू व्हायच्या वेळी येतात आणि सगळ्यात जुना भाग घालवून बसतात.

७. दशावतार रात्रभर होतलो काय?

नाय होवचो. मलाही वाईट वाटतं, पण नाही.

गावाला पालखी झाल्यावर मध्यरात्री उभं राहायचं आणि पहाटे दहीकाला करून, म्हणजे दहीहंडी फोडून, संपवायचं, ही खरी पद्धत. मुंबईत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं, आणि बहुतेक गणपती-नवरात्र अशा सणांत जातात, त्यावर आपला सीझन उभा करता येत नाही. म्हणून आम्ही सूर्य मावळताना नमन सुरू करतो आणि १० च्या आत दहीहंडी फोडतो. आख्यान आटोपशीर करायला आमच्या बुवांना, म्हणजे पेटीवर बसतात त्यांना, खूप विचार करावा लागतो, कारण प्रयोगाचा लगाम त्यांच्याच हातात असतो, एखादं पद कमी केलं की नटाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. दोन दिवसांत एक आख्यान, शनिवारी अर्धं रविवारी अर्धं, असंही करून बघतोय आणि लोक दुसऱ्या दिवशी परत येतात.

८. मग १० नंतर माईक बंद करून चालू ठेवा ना, पूर्वी कुठे माईक होते?

हे जवळजवळ प्रत्येक जण सुचवतो. पण २०१० मध्ये नियमात बदल झालाय, रात्रीची बंदी आता फक्त लाऊडस्पीकरवर नाही, वाद्यांवर आणि आवाज करणाऱ्या साधनांवरही आहे, बंदिस्त हॉलसारख्या जागा सोडून. म्हणजे पखवाज आणि झांज सुद्धा. मुखी संवाद राहिले तरी पखवाजाशिवाय दशावतार काय करायचा.

दिवसाही मोकळीक आहे असं नाही. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. माईकसाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते ती वेगळी. आणि हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल तर तिथे उघड्यावर माईक लावण्याचा विचारच करू नका. आम्हाला शाळेचं एक फार छान मैदान मिळत होतं, मोठं, स्टेशनजवळ, ते ह्याच कारणाने सोडलं. जागा बघायला जाल तेव्हा आधी आजूबाजूला काय काय आहे ते चालत फिरून बघा, मग मैदान बघा.

९. पावसाळ्यात काय? आणि एवढं केलंत तर वर शेड का नाही टाकली?

पावसाळ्यात प्रयोग बंद. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यात उघडा रंगमंच चालवायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तसाही दशावताराचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात तेव्हापासूनच. ते चार महिने तालीम व्यायामशाळेच्या आतल्या हॉलमध्ये, मुकुट-शस्त्रांची डागडुजी, नवीन पोरांना पदं शिकवणं. कपड्यांना बुरशी लागते म्हणून कपडेपटाच्या खोलीत खालून हवा खेळती ठेवली आहे आणि पेटारे जमिनीपासून वर पाटांवर आहेत. चौथऱ्याला मागे उतार आहे, पाणी मातीत न जाता गटाराकडे जातं, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत कबड्डीची माती सुकत नाही.

शेडचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक, पटांगणावर पक्कं छप्पर म्हणजे महापालिकेच्या हिशेबात बांधकाम, त्याला वेगळी मंजुरी, आणि जागा विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेली असेल तर बांधकामावर मर्यादा. दुसरी माझ्यासाठी जास्त महत्त्वाची, पत्र्याखाली पखवाज घुमतो, आवाज परत येतो, शब्द विरतात, आणि आकाश गेलं की मग आपण वाईट हॉलमध्ये बसलेले असतो. अवकाळी पावसासाठी नटांच्या डोक्यावर ओढता येईल असं कापड आहे, वाद्यं आधी आत जातात, आणि प्रयोग थांबला तर तेच तिकीट पुढच्या प्रयोगाला चालतं.

१०. तिकीट किती? फुकट का नाही, जत्रेत तर फुकट असतं

जत्रेत फुकट दिसतं, पण तिथे कंपनीचं, म्हणजे दशावतारी मंडळाचं, मानधन देवस्थान किंवा गाव देतं. इथे गाव म्हणजे आपणच.

सतरंजीवर बसणाऱ्यांना तिकीट नाही, कधीच लावणार नाही. खुर्च्यांना आहे, मुख्यतः वयस्कर लोकांसाठी आणि ज्यांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी (अगदीच अडचण असेल तर गेटवर सांगा, पैशावरून कोणाला परत पाठवत नाही). नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, आमचं सगळं त्याच्या खूप खाली आहे. आडदशावतारात आरतीचं ताट फिरतं तेव्हा त्यात जे पडतं ते नट आणि वादकांचं, मंडळाच्या खात्यात जात नाही.

११. तिथे देऊळ नाही, मग दशावतार कसा चालतो? आणि आम्ही दुसऱ्या धर्माचे आहोत, आलो तर चालेल का?

या, नक्की या. ज्या गिरणीच्या खात्यात सगळे एकत्र काम करायचे तिथलीच ही माणसं आहेत, प्रेक्षकांत कधी भेद नव्हता.

देवळाबद्दल, पेटाऱ्याची आणि त्यातल्या गणपतीच्या मुखवट्याची पूजा रंगायच्या खोलीत होते, ती कंपनीची आपली रीत आहे, त्याला देऊळ लागत नाही. पटांगणात कायमची मूर्ती किंवा देव्हारा बसवणार नाही असं आम्ही ट्रस्टला लिहून दिलंय. एका-दोघांना हे आवडलं नाही. पण जागा खेळाची आहे, तिथे सगळ्यांची पोरं येतात, आणि ती तशीच राहिली पाहिजे.

१२. परवानग्या किती लागतात? सेन्सॉर पण लागतं का?

लागतं. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, लोक त्याला सेन्सॉरच म्हणतात. दशावताराला लिखित संहिता नसते, त्यामुळे आम्ही प्रत्येक आख्यान प्रसंगवार लिहून काढतो, पदांसकट, आणि ते देतो. सुरुवातीला जुन्या नटांना हे पटत नव्हतं, "लिवलेला बोलतलो तर माका कित्याक ठेवलास?" (लिहिलेलंच बोलायचं तर मला कशाला ठेवलंस?) असं एकाने विचारलं होतं. पण त्या वह्यांमुळे कधी न लिहिलेली पदं आता कागदावर आहेत, आणि मंचावरची वाढवाढव प्रसंगाच्या चौकटीत राहून चालूच आहे.

बाकी पोलिसांचा सार्वजनिक करमणुकीचा परवाना, माईकची परवानगी, अग्निशमन दलाची एनओसी, मांडव घालणार असाल तर वॉर्ड ऑफिस. कायमची जागा असल्याचा इथे मोठा फायदा होतो, नकाशा, बाहेर पडायचे रस्ते, वायरिंगचं प्रमाणपत्र हे एकदा नीट फाईलला लागलं की दर वेळी शून्यापासून सुरू होत नाही. फिरत होतो तेव्हा प्रत्येक मैदानासाठी सगळं नव्याने. एका ऑफिसात फाईल सापडत नाही म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशीपर्यंत उभं केलं होतं आम्हाला, तसं आता होत नाही.

१३. स्त्रीपार्टी अजून पुरुषच करतात का? बायकांना काम करायचं असेल तर?

आमच्याकडे पारंपरिक आख्यानांत स्त्रीपार्टी पुरुष करतात आणि ती कला म्हणून जपायलाच हवी, नऊवारी नेसून दोन तास पदं म्हणत उभं राहणारा नट घडवायला वर्षं जातात. पण बायकांना दार बंद नाही. सिंधुदुर्गात महिलांची दशावतार मंडळं आहेत आणि चांगलं काम करतात. इथे मुलींचा वर्ग पावसाळ्यात चालतो, पूर्वी तालमीला रात्री उशिरा कुठल्यातरी गच्चीवर जायचं असायचं म्हणून घरचे सोडत नव्हते, आता ठरलेली जागा आहे, दिवे आहेत, बाथरूम आहे, त्यामुळे मुली वाढल्या. मी स्वतः पदं त्याच वर्गात बसवते.

१४. मी पटांगणासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो, घरात आजारी माणूस आहे, दर शनिवार-रविवार हे सहन करायचं का?

नाही, तुम्ही एकट्याने सहन करायचं असं अजिबात नाही. स्पीकर तुमच्या बिल्डिंगकडे तोंड करून नाहीत, खाली झुकवून पटांगणात लावलेत, दोन मोठ्यांऐवजी लहान लहान जास्त, म्हणजे आवाज बसलेल्यांपर्यंत जातो आणि बाहेर कमी सुटतो. जनरेटर नाही, मीटर आहे. तारखा महिन्याच्या सुरुवातीला तुमच्या सोसायटीच्या बोर्डावर लागतात. घरात ऑपरेशन झालंय, परीक्षा आहे, कोणी गेलंय, असं असेल तर गेटवरच्या नंबरवर कळवा, आम्ही आवाज कमी करून किंवा तारीख हलवून मार्ग काढतो, दोन्ही केलेलं आहे. फटाके आणि ट्रिकसीनमधले (चमत्काराच्या दृश्यांतले) शोभेच्या दारूचे आवाज इथे पूर्ण बंद आहेत. वेळ आणि आवाजाचे नियम वर ७ आणि ८ मध्ये आहेत, ते आम्ही मोडले तर तक्रार करायचा तुमचा हक्कच आहे.

१५. उद्या ती जागाच रिडेव्हलपमेंटला गेली तर?

परळमध्ये हा प्रश्न न विचारणारा माणूस मिळणार नाही. पूर्ण खात्री कोणी देऊ शकत नाही. आपण एवढंच करू शकतो की कागद मजबूत ठेवायचा. भाडेपट्टा रजिस्टर आहे, त्यात लिहिलंय की मुदतीत पटांगणाचा वापर बदलायचा असेल तर आधी लेखी नोटीस आणि आमच्याशी चर्चा, आणि नवीन काही झालं तर उघडा मंच आणि सामानाची खोली त्यात धरायची. ट्रस्टची मालमत्ता विकायची झाली तरी पुन्हा कलम ३६ ची परवानगी लागते (प्रश्न ४), ते गुपचूप होऊ शकत नाही.

पण माझं मत विचाराल तर खरं संरक्षण वापरात आहे. सकाळी कबड्डी, संध्याकाळी तालीम, शनिवारी पाच-सहाशे माणसं मातीत बसलेली, अशा पटांगणाला रिकामी जागा म्हणायची हिंमत सहज होत नाही. वापर नसलेली मैदानं आधी पार्किंग होतात आणि मग जातात, हे गिरणगावात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

१६. आमचं पण नमन-खेळे / तमाशा / शाहिरी मंडळ आहे, आम्हाला अशी जागा हवी, सुरुवात कुठून करायची?

आधी स्वतःची नोंदणी. मंडळ नुसतं नावाला असेल तर कोणी करार करणार नाही, संस्था आणि ट्रस्ट म्हणून नोंदवा, दर वर्षी ऑडिट करा, पॅन आणि बँक खातं मंडळाच्या नावावर, कोणा एकाच्या नावावर नाही.

मग जागा. महापालिकेच्या मैदानाच्या मागे लगेच धावू नका, ती धोरणं बदलत राहतात आणि मैदान सगळ्यांसाठी उघडं असतं, तिथे एका मंडळाचा कायमचा हक्क मागणं मला तरी बरोबर वाटत नाही. जुन्या व्यायामशाळा, वाचनालयं, ज्ञाती संस्था, कामगार संस्था बघा, त्यांच्याकडे थोडं पटांगण असतं, माणसं कमी झालेली असतात आणि आपण गेलो तर त्यांनाही बरं वाटतं. जागा आवडली की प्रॉपर्टी कार्ड काढा, शहरात सी.एस. नंबर आणि उपनगरात सी.टी.एस. नंबर लागतो, त्यावर मालक कोण ते कळतं. बऱ्याचदा संस्था म्हणते जागा आमची आणि कार्डावर निघतं की ती महापालिकेची किंवा कलेक्टरची भाडेपट्ट्याची आहे, मग संस्था ती आपल्याला पुढे देऊ शकते का हा वेगळाच प्रश्न. नंतर महापालिकेकडून डी.पी. म्हणजे विकास आराखड्याचा रिमार्क घ्या, आरक्षण कसलं आहे ते समजतं. हे दोन कागद हातात आल्याशिवाय एक वीटही लावू नका आणि वर्गणीही गोळा करू नका. आवाजाचं प्रश्न ८ मध्ये आहे, तेही त्याच आठवड्यात तपासा.

आणि त्या संस्थेच्या कार्यक्रमांना जायला लागा. त्यांच्या स्पर्धेला खुर्च्या लावा, रक्तदान शिबिराला उभे राहा.

१७. देणगी द्यायची आहे, टॅक्समध्ये सूट मिळते का?

हो, ८०जी आहे. पण नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर वैयक्तिक करदात्याला ८०जी ची वजावट मिळत नाही, आणि रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर जुन्या पद्धतीतही नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाईन द्या आणि पॅन कळवा, त्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही. एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी) असेल तर आमची सीएसआर-१ नोंदणी आहे. नाव चौथऱ्यावर लावा अशी अट असेल तर माफ करा, चौथऱ्यावर कोणाचंच नाव नाही.

१८. गावच्या कंपन्या इथे येऊन करू शकतात का? आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाला तारीख मिळेल का?

दोन्हीला हो. गावच्या कंपन्यांचा जत्रांचा हंगाम भरगच्च असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी एप्रिल-मेच्या तारखा मोकळ्या ठेवतो. येणाऱ्या कंपनीकडून भाडं घेत नाही, लाईटचा आणि साफसफाईचा खर्च फक्त. राहायची सोय व्यायामशाळेच्या हॉलमध्ये गाद्या घालून होते, जेवणाचं आजूबाजूच्या घरांतून ठरवतो. चार-पाच कंपन्यांचे नट एकत्र घेऊन संयुक्त दशावतार करायचा असेल तर निदान दोन महिने आधी सांगा, सेन्सॉरचे कागद (प्रश्न १२) ज्या मंडळाच्या नावाने प्रयोग होणार त्यांचेच लागतात, आमचे चालत नाहीत.

ग्रामस्थ मंडळांनी कबड्डीच्या तारखा जाहीर झाल्यावरच विचारा, साधारण दसऱ्याच्या सुमारास कॅलेंडर ठरतं. लग्न, वाढदिवस, राजकीय सभा यासाठी पटांगण मिळणार नाही, कोणाच्याही ओळखीने नाही. ट्रेनने येत असाल तर सेंट्रलवरून परळ किंवा करी रोड, वेस्टर्नवरून प्रभादेवी, गाडी आणू नका, पार्किंग नाही. सतरंजी आणि पाण्याची बाटली घरून आणलीत तर उत्तम, जानेवारीत म्हाताऱ्यांसाठी एक शालही.